एक्केचाळीस नावांची यादी

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. तळहाताएवढी तबकडी, एक काळा काटा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हातात दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. आता पट्टा विटला आहे आणि फुग्याला भेगा पडल्या आहेत. त्याचं मला दुःख नाही. माझं दुःख नऊ दिवसांचं आहे.

दूरच्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि जहाजातून केटा या किनाऱ्यावरच्या गावात, खाजणाकाठच्या एका लहान दवाखान्यात आलो. तिथल्या सिस्टर मावुन्योंनी मला हाती घेतलं. कोळी, कांदे पिकवणारे, जाळी विणणाऱ्या बाया, सगळ्यांचे दंड मी ओळखत होतो. "या तबकडीचा शब्द म्हणजे देवाचा शब्द," असं सिस्टर म्हणत, तेव्हा माझा ऊर भरून येई.

दर गुरुवारी सिस्टर मला पिशवीत घालून घरोघरी तपासणीला निघत. आधी मात्र त्या ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसच्या, थांब्यावरच्या भिंतीपाशी थांबत. अंत्यविधी शनिवारी असतात, म्हणून गुरुवारी तिथे निधनाचे मोठाले फलक लागत. सोबत धाकट्या सिस्टर डेला असत.

"भिंत वाचायचा कसला हा नाद, सिस्टर?" डेला एकदा म्हणाल्या.

"अगं, घरी गेलेला माणूस परत सांगायला येतो का, की माझं पुढं काय झालं? हे बघ, खाट क्रमांक सहा! आपल्याला वाटलं नुसता कुरकुऱ्या म्हातारा. चर्चमध्ये चाळीस वर्षं ढोल वाजवत होता म्हणे. आणि आपण त्याला, बोटं आपटू नका, म्हणून ओरडत होतो!"

दोघी हसल्या, आणि मग सिस्टरांनी हळूच डोळे पुसले.

एका मंगळवारी दवाखान्यात फार गर्दी झाली. रेटारेटीत टेबल कलंडलं आणि मी फरशीवर आपटलो. कुणीतरी मला उचलून खिळ्याला अडकवलं. काच शाबूत होती. पण माझा काटा शून्यावर परतेना. तो शून्याच्या खाली, नखभर अंतरावर, थबकून राहिला. मला ते कळत होतं. ओरडायला मात्र तोंड नव्हतं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांचा रक्तदाब पंचवीसने कमी सांगू लागलो. ज्यांनी घाबरायला हवं होतं, ते माझ्याकडे बघून हसत घरी जाऊ लागले. नवा दंड पट्ट्यात आला, की मी भीतीने आकसत असे.

शुक्रवारी तोग्बे सेनानू आले. वय एकाहत्तर, खाजणातल्या मिठाचे व्यापारी.

"तोग्बे, खारवलेले मासे सोडलेत वाटतं?" सिस्टरांनी विचारलं.

"मिठाच्या व्यापाऱ्याला अळणी जेवायला सांगतेस, पोरी? पण तुझ्या धाकाने निम्मे केलेत हो."

मी एकशे बेचाळीस दाखवले. खरे एकशे सदुसष्ट होते. सिस्टरांनी टाळी वाजवली. डॉक्टरांनी आकडा वाचला आणि दोन गोळ्यांची एक केली. तोग्बे टोपी सावरत गेले. थांबा, तोग्बे, थांबा, असं मी आतल्या आत म्हणत राहिलो.

नवव्या दिवशी काम आवरल्यावर सिस्टरांनी सहज स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला.

"डेला, माझं एकशे दहा आलंय! असल्या नवऱ्याबरोबर संसार करून एकशे दहा?"

डेला खो खो हसल्या. सिस्टर हसता हसता थांबल्या. त्यांनी हवा सोडली आणि मला उजेडात धरलं. काटा कुठे थांबलाय ते त्यांनी पाहिलं.

"कधीपासून?" त्या पुटपुटल्या. "देवा, कधीपासून?"

त्यांनी दुसरं यंत्र आणून ताडून पाहिलं. मग नोंदवही उघडली आणि मी पडलो त्या दिवसापासूनची नावं लिहून काढली. एक्केचाळीस. दोन दिवसांत फोन करून, होड्यांमधून निरोप पाठवून, दारं ठोठावून चाळीस जणांना परत बोलावलं. एक फोन मात्र बंद होता, आणि घराला कुलूप होतं.

गुरुवार आला. सिस्टर भिंतीपाशी गेल्या. दुरुस्तीला दाखवायला घेतलेला मी पिशवीत होतो. एक माणूस खळ लावून फलक चिकटवत होता. ओला कागद वरून खाली उलगडू लागला. आधी टोपी दिसली. मग कपाळ. सिस्टरांनी डेलांचं मनगट घट्ट धरलं.

"बघू नका, सिस्टर. चला."

"नाही. मला वाचू दे."

तोग्बे सेनानू, वय एकाहत्तर. खाली मुलांची नावं, नातवंडांची नावं. भिंत सगळं सांगते, मित्रांनो. मृत्यू कशाने आला, तेवढं सांगत नाही.

दुपारी त्यांची मुलगी सेफाकोर काळ्या कपड्यांत दवाखान्यात आली. "सिस्टर, अंत्यविधीच्या पुस्तिकेत आम्ही आभार मानणार आहोत," ती म्हणाली. "तुमचं नाव घालू ना? बाबा इकडे यायचे तेव्हा शर्टाला इस्त्री करायचे."

गप्प बसणं किती सोपं होतं! कुणालाच कळलं नसतं. सिस्टरांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, नाव घालू नकोस. आधी हे ऐक."

त्यांनी सगळं सांगितलं. काटा, आकडा, कमी केलेली गोळी. "यानेच ते गेले का, मला ठाऊक नाही. कधीच कळणार नाही. पण तुझ्यापासून लपवणार नाही."

सेफाकोरने मला हातात घेतलं. ती मला भिंतीवर भिरकावील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"असे किती जण होते?" तिने विचारलं.

"एक्केचाळीस."

"बाकीचे सापडले?"

"चाळीस सापडले."

ती उठली. दारापाशी जाऊन, मागे वळून न बघता म्हणाली, "मग बाबांचं नाव त्या यादीतून खोडू नका. आभारात तुमचं नाव घालवत नाही मला. पण शनिवारी या. मागे उभ्या राहा."

सिस्टर गेल्या. मागे उभ्या राहिल्या.

आता मी परिचारिकांच्या शाळेत कपाटात असतो. नव्या मुलींना माझा सरकलेला काटा दाखवतात. कपाटाचं दार उघडलं, की आजही मी दचकतो. कुणी विसरून मला दंडाला बांधील, ही धास्ती वाटते. मित्रांनो, आम्हा यंत्रांना काळजाची भाषा येते, पण आपली चूक सांगता येत नाही. म्हणून आमच्यावर विश्वास टाकण्याआधी एकदा आमच्याकडे नीट बघा. आणि चूक सापडलीच, तर ती ज्याची आहे त्याच्या दारात घेऊन जा, कितीही भीती वाटत असली तरी.