कुरण दाबणारा रोलर

मी एक जुना लोखंडी रोलर आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडलेत, तरी रागावणार नाही. मला स्वतःचीच किळस येते. मेंढवाड्यामागच्या चिखलात मी कित्येक वर्षे पडून होतो. कोंबड्या माझ्यावर बसून घाण करत. माणसे येता-जाता थुंकत आणि वर म्हणत, "काय भंगार ठेवलंय हे!"

लोहाराने जाड पत्रा वाकवून मला घडवले आणि पोटात वाळू भरली. तरुणपणी मी या मेंढपाळ घराचे कुरण दाबत असे. गवताचे बी फार बारीक असते. पोकळ मातीत ते खोल जाते आणि तिथेच मरते. त्याला घट्ट माती हवी, वर जेमतेम पांघरूण हवे. तेव्हा माझे केवढे कौतुक होई! पुढे कुरण चरून चरून उघडे पडले आणि त्यावर घाणेरड्या वासाचे चिकट तण माजले. मेंढ्याही त्याला तोंड लावत नसत.

घरातल्या आत्याने कुरण पुन्हा उभे करायचे ठरवले. मूळचे गवत फक्त कुरणापलीकडच्या दगडखाणीच्या कडेला उरले होते. तिथून तिने वाकून वाकून पोतेभर बी जमवले. नंतर खाण वाढली आणि ती कडही खणली गेली. हे बी वाया गेले, तर दुसरे कुठून आणायचे?

मातीतले तणाचे बी संपावे म्हणून तिने तण उगवू दिले, खरवडले, पुन्हा उगवू दिले आणि पुन्हा खरवडले. मग भाच्याने हौसेने माती बारीक करणारा, ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर फिरवला, एकदा नव्हे, अनेकदा.

"आत्या, बघ, लोण्यासारखी झाली माती!"

आत्याने पाय टाकला. तो घोट्यापर्यंत रुतला.

"लोणी कसलं, पीठ केलंस मेल्या! वारा सुटला की सगळं उडून जाईल."

"अगं, लोक फोटो काढून गेले!"

"मग फोटोतच पेर बी. जा, तो रोलर काढ."

"शी! त्याला हात कोण लावणार?"

"त्याच्यावर थुंकतो कोण, तोच!"

नाक दाबून भाच्याने मला धुतले. अर्धे कुरण मी दाबले आणि माझा गंजलेला आस किंचाळून अडकला. वारा सुटू लागला. धूळ उठली. भाचा रडकुंडीला आला.

"मेंढ्या सोड," आत्या म्हणाली.

"आत्ता?"

"त्यांना खूर कशाला दिलेत? सोड म्हणते ना!"

सगळा कळप उरलेल्या जमिनीवर गोल गोल फिरवला. शेवटी आत्याची टाच रुतेना, नुसता ठसा उमटू लागला. मग तिने बी पेरले आणि वरून काटेरी फांदी हलकेच ओढली.

गवत माझ्या अर्ध्यात आणि मेंढ्यांच्या अर्ध्यात, दोन्हीकडे उगवले. आता पाहुणे येतात, मला थोपटतात, भाचा ऐटीत माझी ओळख करून देतो. मला त्या कौतुकाचीही शिसारी येते. मित्रांनो, अवजाराला हार घालू नका. काम झाल्यावर त्याला पुसा, आडोशाला ठेवा, त्याच्या आसाला तेल द्या. मेंढ्यांनी माझे अर्धे काम केले याची मला लाज वाटत नाही. किळस येते ती त्या गंजाची, जो थेंबभर तेलाने टळला असता.