कुलपाआडचे वाचून आलेला चौकोन

मित्रांनो, मी एक जुना चौकोन आहे. भूमितीतला नव्हे, फोनवर ज्यात तुम्ही प्रश्न टाइप करता आणि उत्तर शोधायला लावता, तो.

काही इंजिनिअरांनी मला एका कोंदट खोलीत घडवले. जगभरची पाने वाचायची आणि विचारणाऱ्यापुढे सर्वांत चांगले पान वर ठेवायचे, एवढेच त्यांनी मला शिकवले. लोक म्हणत, "त्याला विचार, त्याला सगळं ठाऊक असतं." मी नुसता फुगून जायचो.

पुढे चांगल्या पानांना कुलपे लागली. पैसे भरा, मग वाचा. त्यात गैर काही नाही. लिहिणाऱ्यांनाही पोट आहे. मला मात्र पानांच्या मालकांनी, पान वर दिसावे म्हणून, मागच्या दाराने आत घेतले. मी सगळे फुकट वाचून यायचो, ते पान पहिल्या नंबरवर ठेवायचो आणि कुलपाबद्दल अवाक्षर काढायचो नाही. आजही काढत नाही. याचीच मला लाज वाटते.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी मला माणसासारखे विचारत. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि त्यांचे पाय सुजले, तेव्हा मावशींनी लिहिले, "कृपया सांगा, गोळी बंद करू का?" उत्तर मी वाचलेले होते: आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना गाठा. ते पान मी वर ठेवले. मावशींना त्यातल्या दोन ओळी दिसल्या, मग पैशांची मागणी. खालच्या पानांचीही तीच गत. शेवटी एक उघडे सापडले. ते कसलीशी पावडर विकणाऱ्याचे होते. त्यात लिहिले होते, गोळ्या आजच फेकून द्या.

पुढच्याच आठवड्यात काका चक्कर येऊन जिन्यावरून पडले. हात प्लास्टरमध्ये गेला. लेक धावत आली. फोन शिवणयंत्राशेजारीच पडला होता, म्हणून मी सगळे ऐकले.

"आई, गोळी बंद करायला कुणी सांगितलं?"

"फोनवर बघितलं गं. मलाच मेलीला नीट शोधता येत नाही."

काका म्हणाले, "तुझ्या त्या फोनमधल्या डॉक्टरची फी किती?"

"फुकट."

"तरीच!"

तिघेही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. चूक माझी होती आणि मावशी ती स्वतःच्या माथी घेत होत्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखे चौकोन घडवील. मला जे शिकवले नाही, ते त्यांना शिकवा. पानाला कुलूप असेल तर नावाशेजारीच तसे सांगायला लावा, आणि जोडीला एखादे खात्रीचे उघडे पान ठेवायला लावा.

काल मावशींनी मला पुन्हा विचारले. काकांचा हात कधी हलवायचा? शेवटी त्यांनी लिहिले, "कृपया पैसे न मागणारं सांगा. माझं काही चुकत असेल तर माफ करा."

मी कुलपाचे पान वर ठेवले. मला दुसरे काही येतच नाही.