मागे वळलेलं विमान

मास्तरांनी अर्ध्या शहराला मोटार चालवायला शिकवली, पण पोटच्या पोराला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पोरगा एका जागी ठरायचा नाही, म्हणून घरात त्याला भिंगरी म्हणत. "तुझं लक्ष सदा आभाळात," मास्तर म्हणायचे. तो खरंच आभाळात गेला. लढाऊ विमानाचा वैमानिक झाला तेव्हा आई हरखून गेली. मास्तरांनी मात्र अबोला धरला.

लढाई पेटली. त्याचा फोन आला की आई जेवणाखाण्याची चौकशी करायची. मास्तरांच्या हातात फोन दिला, तर "जपून राहा" एवढं बोलून ते तो परत द्यायचे. मग फोन यायचे थांबले. दोन अधिकारी दारात उभे राहिले. त्यांनी टोप्या काढल्या आणि आईला सगळं कळलं. मागाहून शवपेटी आली, ती उघडू नका असं बजावून.

लढाई थांबल्यावर त्याचा जोडीदार कुबडी टेकत भेटायला आला. दोघं नेहमी बरोबर उडायचे. समोरच्या चहाला हात न लावता त्याने सगळं सांगितलं. पुलावर बॉम्ब टाकून परतताना जोडीदाराच्या विमानाला गोळ्या लागल्या, वेग पडला. शत्रूची विमानं पाठीवर होती. भिंगरी बराच पुढे, सरहद्दीच्या तोंडाशी पोचला होता. जोडीदार रेडिओवर ओरडून त्याला निघून जायला सांगत होता. तो मागे वळला आणि ती विमानं त्याने स्वतःच्या अंगावर ओढून घेतली.



"घाबरला होता का तो?" मास्तरांनी विचारलं.

"रोज घाबरायचा, काका. उडायच्या आधी आडोशाला जाऊन ओकायचा. मग तोंड धुऊन, आमची टिंगल करत विमानात चढायचा. म्हणायचा, बाबांना कळलं तर सायकलसुद्धा काढून घेतील."

मास्तरांना हसू फुटलं. ते आवरता आवरेना आणि बघता बघता त्याचे हुंदके झाले. इतके दिवस त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

जोडीदार जायला उठला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा ये म्हणाली. मास्तरांनाही तेच म्हणायचं होतं. पण आपला पोरगा गेला आणि हा जिवंत समोर उभा आहे, हे त्यांना बघवेना. त्यांनी फक्त दार उघडून धरलं आणि तो जिना उतरेपर्यंत भिंतीकडे बघत उभे राहिले.