श्रीकृष्णरावांचा होकार

बोरी अरबच्या पॅथॉलॉजी लॅबचा धर्मपाल दारव्ह्याच्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात शिरला तो चिडूनच. त्याच्या लॅबमधून यवतमाळच्या डॉक्टरांना पाठवलेले रिपोर्ट मेलवरून परत येत होते. एका बाईचा रिपोर्ट पोचला नाही म्हणून तिच्या मुलाला कागद खिशात घालून मोटारसायकलवर यवतमाळ गाठावं लागलं होतं.

"शब्बीरभाई, नेट तं चालू हाय, मंग मेल काहून वापस येऊन राह्यले?" त्यानं विचारलं.

शब्बीरभाईंनी मुलीकडे पाहिलं. जेबा अमरावतीहून इंजिनिअर होऊन आली होती आणि आता कंपनीचं बरंचसं काम तीच बघत होती. "पाहते मी," एवढंच ती म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

कंपनी दोघांची होती. श्रीकृष्णराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शब्बीरभाई टीव्ही दुरुस्त करणारे. आधी दोघांनी केबल टाकली, मग इंटरनेट. कागद श्रीकृष्णरावांचे, खांब आणि शिडी शब्बीरभाईंची. दोघांची नावं जोडून 'श्रीशब' असा बोर्ड लावला, तेव्हा गाव हसलं होतं. आता बोरी अरबपर्यंतच्या शाळा, दवाखाने आणि दुकानं याच तारांवर चालत होती. श्रीकृष्णरावांना विसरण्याचा आजार जडल्यापासून त्यांचा मुलगा मंदार त्यांच्या खुर्चीवर बसत होता.

दिवस मावळेपर्यंत जेबाला सगळं कळलं होतं. तिनं दार लोटून घेतलं.

"अब्बा, आपले अर्धे पत्ते आता आपल्या नावावर नाहीत."

शब्बीरभाईंना आधी नीट समजलंच नाही. तिनं सावकाश सांगितलं. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता लागतो. कंपनी सुरू केली तेव्हा श्रीकृष्णकाकांनी पुढची गरज ओळखून असे पुष्कळ पत्ते मागून घेतले होते. त्या काळी ते सहज मिळत. आता तसले पत्ते जगभरात संपलेत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना गिऱ्हाईक शोधत येतं. श्रीशबचे जे पत्ते वापरात नव्हते, ते उन्हाळ्यात कोणीतरी पैसे घेऊन परदेशातल्या एका कंपनीच्या नावावर करून दिले होते. त्या कंपनीनं त्यांवरून फसवणुकीच्या मेलचा धंदा मांडला. चोराचं घर ज्या आळीत, त्या आळीतल्या सगळ्यांवरच संशय यावा तसं झालं होतं. धर्मपालच्या लॅबचा पत्ता त्याच आळीतला.

"देलं कोणं?"

जेबानं नोंद उघडून दाखवली. "नोंदीत परवानगी श्रीकृष्णकाकांची आहे. व्हिडिओवर होकार दिलाय त्यांनी."

"काय बोलून राह्यली बेटा? भाऊले तं आता माहं नावही आठवत नाई."

 ही नोंद ज्या खात्यातून बदलता येते त्याचे पासवर्ड दोघांकडेच होते, एक जेबा आणि दुसरा मंदार.

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंनी मंदारला एकट्याला गाठलं. तो नाकारेल, निदान चिडेल तरी, असं त्यांना वाटलं होतं. मंदारनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "पडून होते ते, चाचा. कोणाचं काय गेलं?"

"धर्मपालले विचार काय गेलं थे. अन् पैशासाठी मले विचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं का?"

"विचारायचं! जन्मभर विचारतच आलो. पुण्यातली नोकरी सोडून बाबांसाठी इथं आलो, तेव्हा मला कोणी विचारलं? तुम्ही दोघांनी मिळून उभं केलं, तुमचे फोटो भिंतीवर. मी काय, बाबांच्या जागेवर बसलेला माणूस." त्याचा आवाज चढला होता, पण डोळे भरून आले होते. मग तो एकदम शांत झाला. "तक्रार करायची तर करा. पण होकार बाबांचा आहे. पोलीस आधी त्यांच्याच दारात येतील, एवढं लक्षात ठेवा."

शब्बीरभाईंनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. ते उठले आणि बाहेर पडले.

घरी जेबानं तक्रार तयार ठेवली होती. मंदारचे पासवर्ड तिनं बंद करून टाकले होते. पत्ते वाटणाऱ्या संस्थेला लवकर कळवलं तर नोंद गोठवता येईल, नाहीतर ते आणखी तिसऱ्याच्या हातात जातील आणि मग परत मिळणं अवघड, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. शब्बीरभाई जेवणावरून तसेच उठले.

"भाऊले पोलीस विचारतीन, तं थो काय सांगीन? थो हो म्हनीन. आजकाल कशालेही हो म्हनते थो."

"मग सोडून द्यायचं का, अब्बा?"

शब्बीरभाई हात धुवायला मोरीत गेले.

संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे श्रीकृष्णरावांकडे गेले. यातलं काही बोलायचं नाही असं ठरवूनच गेले होते. श्रीकृष्णराव ओसरीवर खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या पत्नी शीलावहिनींनी चहा आणून ठेवला आणि शब्बीरभाईंच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "काय झालं, भाऊजी?"

"कुठं काय?"

"मंदार दुपारी आला, जेवला नाही. बॅग भरून बसलाय आत. जेबाला फोन लावला तर ती रडून राह्यली. मलाच तेवढं सांगू नका सगळ्यांनी."

मग त्यांना सांगावं लागलं. जमेल तेवढं हळू, जमेल तेवढं कमी करून सांगितलं. व्हिडिओपाशी आल्यावर शीलावहिनींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"एप्रिलमध्ये?"

"हो, उन्हाळ्यातलीच गोष्ट."

शीलावहिनी खाली बसल्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंदार म्हणाला, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, कॅमेऱ्यासमोर बसव बाबांना. मीच इस्त्रीचा शर्ट घातला. मीच भांग पाडला. ते ऐकत नव्हते, तर मी कानात म्हटलं, हो म्हणा, तुम्ही फक्त हो म्हणा."

श्रीकृष्णरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि हसून म्हणाले, "हो."

शब्बीरभाईंना तिथं बसवेना. "वहिनी, जाऊ द्या. गेले तं गेले पत्ते. मी धर्मपालले समजावतो. भाऊचं नाव नाई येऊ द्यायचं आपल्याले."

"नाव तर आलंच आहे ना त्यांचं," शीलावहिनी म्हणाल्या. "यांनी पूर्ण नोकरीत कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. आणि आता शेवटी हे राहील का त्यांच्या नावावर? तुम्ही तक्रार करा. त्या दिवशी काय झालं ते मी सांगते."

"तुमच्या पोराविरुद्ध?"

"पोराचं आहे म्हणून तर मला सांगावं लागते."

मंदार दाराच्या चौकटीत उभा होता. केव्हापासून, कोणास ठाऊक. "आई," तो म्हणाला. शीलावहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो परत आत गेला, आणि थोड्या वेळानं मागच्या दाराशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

यवतमाळला सायबर पोलिसांपुढं शीलावहिनींनी जबाब दिला, तेव्हा शब्बीरभाई बाहेर बाकावर बसले होते. आत जेबा वहिनींच्या शेजारी होती. तिनं नंतर सांगितलं, की काकू कुठंही अडखळल्या नाहीत. फक्त "मुलाचं नाव?" असं विचारल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र, वहिनींचा जबाब आणि कंपनीचे जुने कागद जेबानं संस्थेकडे पाठवले. नोंद आधी गोठली आणि मग हिवाळ्यात, पुष्कळ चौकश्या आणि पत्रव्यवहार झाल्यावर, पत्ते पुन्हा श्रीशबच्या नावावर आले. श्रीकृष्णरावांवर ठपका नाही, असं लेखी मिळालं. धर्मपालचे रिपोर्ट जाऊ लागले, त्याबद्दल तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. तो पुडा ऑफिसात तसाच पडून राहिला. मंदारला अटक झाली, जामीन झाला. तो पुण्यात असतो म्हणतात. घरी फोन करत नाही.

पत्ते परत आल्याचं सांगायला शब्बीरभाई स्वतः गेले. शीलावहिनींनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

"भाऊजी, एक सांगू? राग मानू नका."

"बोला ना, वहिनी."

"तुमचं काही चुकलं नाही. माझंही नाही. पण तुम्ही ओसरीवर बसलेले दिसले की मला मंदार त्या दारात उभा दिसते. थोडे दिवस येऊ नका तुम्ही."

"किती दिवस?" असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले.

तेव्हापासून त्यांची संध्याकाळ रिकामी झाली. जेबा कामं सांगून त्यांना गुंतवून ठेवायला बघते. ते केबलची बंडलं मोजतात, कामावरच्या पोरांवर ओरडतात, आणि सहाच्या सुमारास त्यांचं लक्ष उडतं.

मागच्या आठवड्यात बाजाराच्या रस्त्यावर त्यांना श्रीकृष्णराव दिसले. सांभाळायला ठेवलेल्या विमलताईंचा हात धरून हळूहळू चालले होते. वाळले होते फार. शब्बीरभाई समोर जाऊन उभे राहिले.

"भाऊ, कसे आहा?"

श्रीकृष्णरावांनी अनोळखी माणसाला करावा तसा दोन्ही हात जोडून नमस्कार केला. "आपण कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच आलो, भाऊ."

"मंदार घरी नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. "येईलच एवढ्यात. बसा."

विमलताईंनी मान फिरवली. "रोज हेच म्हनते," त्या हळूच म्हणाल्या. "अन् शीलाबाई समजूत काढते, नागपूरले गेला, येते."

शब्बीरभाईंनी दुसऱ्या बाजूनं श्रीकृष्णरावांचा दंड धरला आणि त्यांच्या पावलानं चालू लागले. श्रीकृष्णराव त्यांना टेलिफोनच्या खांबांबद्दल काहीतरी सांगत होते, मधूनच विसरत होते. गल्लीच्या वळणापाशी शब्बीरभाई थांबले. तिथून पुढं ओसरी दिसते. त्यांनी दंड सोडला, आणि दोघं फाटकातून आत जाईपर्यंत ते वळणाच्या अलीकडेच उभे राहिले.