अंगठ्याखालचा ताण

बबीना रस्त्यावरच्या ‘बेतवा ट्रान्सफॉर्मर्स’ या कारखान्यात दर सहा कॉइलांपैकी एक बिघडायची. तांब्याची पट्टी गुंडाळून केलेली ही कॉइल माणसाच्या छातीइतकी उंच असते. तिच्या वेढ्यांमध्ये प्रेसबोर्डचे, म्हणजे कागदाच्याच जाड, कडक पुठ्ठ्याचे तुकडे घालतात. भट्टीत वाळवली की पुठ्ठा आकसतो आणि कॉइल थोडी खाली बसते. किती बसणार ते आधीच धरलेलं असतं. पण सहातली एक ठरल्यापेक्षा जास्त बसे, आणि मग ती उकलून पुन्हा करावी लागे. हे का होतं ते शोधण्याचं काम चारुता गोळवलकरकडे आलं.

चारुता झाशीतल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिचे पूर्वज सात पिढ्यांपूर्वी इथे आले होते. मराठी घरात होतं, पण जेवणाच्या पानापुरतं. बाकी सगळं हिंदीत. कारखान्यात पहिल्या दिवशी ती वही घेऊन फिरत होती, तेव्हा कॉइल गुंडाळणाऱ्या वाइंडरांपैकी सगळ्यात जुने गजानन शेलार यांनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं.

“मराठी का तुम्ही?”

“हो. समजतं सगळं. बोलताना अटकते मी.”

“मग माझ्याशी अडखळत बोला,” ते म्हणाले. “सांगली जिल्ह्यातून आलो त्याला तेहतीस वर्षं झाली. कामावर मराठी बोलायला अजून माणूस मिळालेलं नाही.”

दुपारी तिने मोजमापाचं यंत्र कुठे ठेवू म्हणून विचारलं, तेही “त्या फडताळात ठेवू का?” असं. गजाननकाका हातातलं काम थांबवून हसायलाच लागले. “फडताळ! माझी आई म्हणायची. आता आमच्या गावातसुद्धा कपाटच म्हणतात सगळे.”

त्या दिवसापासून ती त्यांना काका म्हणू लागली आणि ते तिला इथल्या रिवाजाप्रमाणे बेटा.

चौदा महिने ती दर बुधवारी आणि शनिवारी येत राहिली. दोनशे चौदा कॉइलांची नोंद झाली. त्या दिवशीची हवा, पुठ्ठ्यातला ओलावा, तांब्याच्या पट्टीचा ताण, कुणी गुंडाळली, कुठल्या पाळीत सुरू झाली आणि कुठल्या पाळीत संपली, सगळं. काका तिला यंत्रं सांगत नाहीत ते सांगायचे. पट्टी सुटत येताना तिच्यावर अंगठा टेकवून ते ताण ओळखत आणि ब्रेक अर्धा आटा घट्ट करत. पुठ्ठा कोरडा आहे की नाही ते तर खालच्या ओठाला लावून सांगत. चारुताने एकदा त्यांची परीक्षाच घेतली. चाळीस तुकडे ओठाला लावायला दिले आणि मग यंत्राने मोजले. काका दोन ठिकाणी चुकले. त्यातल्या एका ठिकाणी यंत्रच चुकलंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

मार्च संपता संपता तिने गणित मांडलं. कॉइलच्या उंचीत जो चढउतार होता, त्यातला किती वाटा हवेचा, किती पुठ्ठ्याचा आणि किती माणसाच्या हाताचा, हे वेगळं करायचं होतं. पाच वाइंडरांच्या पाच ओळी तिने काढल्या. एक कॉइल म्हणजे एक ठिपका. काकांची ओळ सगळ्यात नेटकी होती, ठिपक्याला ठिपका लागलेला. फेब्रुवारीपासून मात्र ती फुटली होती. एक ठिपका वर, एक पार खाली.

चारुताला आधी वाटलं, आपलंच कुठेतरी चुकलं. तिने तीन दिवस सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक सापडली नाही.

त्यातच कारखान्याच्या प्रमुख मेघनाजींचा फोन आला. “रिपोर्ट में ऑपरेटर का नाम भी डाल दीजिएगा। अगले हफ्ते मीटिंग है।”

रविवारी सकाळी चारुता आलेखाचा कागद घेऊन सीपरी बाजारातल्या काकांच्या घरी गेली. त्यांची बायको प्रमोदिनीकाकू पोहे परतत होत्या. काका चष्मा शोधून आले, कागद खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“काका, हो सकता है माझंच काहीतरी...”

“फेब्रुवारीपासून, नाही का?”

“हो.”

“बरोबर आहे तुझं गणित.” त्यांनी कागद मांडीवर ठेवला. “बोटं बधिर झालीत, बेटा. आधी थंडीने असेल म्हटलं. थंडी गेली, बोटं तशीच. आता अंगठ्याला पट्टी लागते एवढंच कळतं. ताण कळत नाही. अंदाजाने करतोय.”

“कुणाला बोलला नाहीत?”

“दीड वर्षात रिटायर होतोय. सगळे म्हणतात, शेलारचा हात. त्यांना काय सांगू?”

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला होता. प्रमोदिनीकाकू दारात उभ्या होत्या.

“मागच्या महिन्यात बोटावर फोड आला होता,” त्या म्हणाल्या. “मला सांगितलंत, कारखान्यात भाजलं. इथे तवा उचलून दिला होतात मला, तेव्हाच भाजलं ना? कळलंच नाही तुम्हाला.”

आता काकू रागावणार असं चारुताला वाटलं. पण त्यांनी पदराला हात पुसले, नवऱ्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. करंगळीचं टोक चिमटीत धरून दाबलं.

“हे कळतंय?”

“थोडं.”

“हे?”

“नाही.”

“आणि हे?”

“नाही गं.”

अंगठ्यापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं नाही. नुसता धरून ठेवला. चारुता खिडकीबाहेर बघत राहिली. पोहे थोडे करपले होते, पण तिघांनीही ते बोलता बोलता संपवले. साखर तपासून दोन वर्षं झाली होती, हेही त्या बोलण्यातच निघालं.

निघताना चारुता म्हणाली, “मी नाव नाही लिहिणार, काका. आणि सगळा दोष हाताचा नाहीच आहे. पाचही जणांचे हात मिळून पाचवा हिस्सा पण होत नाही. मोठा हिस्सा पुठ्ठ्याचा आहे. पाळी बदलताना गठ्ठे उघडे पडलेले असतात, हवेतला ओलावा पितात. अर्धी कॉइल एकाने केलेली, अर्धी दुसऱ्याने. ती सगळ्यात जास्त बसते.”

“ते मला माहीत होतं,” काका म्हणाले. “किती ते माहीत नव्हतं.”

मीटिंग सोमवारी अकराला होती. मेघनाजी, दोन इंजिनिअर आणि पाचही वाइंडर. चारुताने पडद्यावर आलेख दाखवला. ओळींना नावांऐवजी एक ते पाच आकडे होते. पुठ्ठ्याचं सांगून झाल्यावर मेघनाजींनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“ये चार नंबर कौन है?”

“मॅडम, नाम मैं नहीं दूँगी,” चारुता म्हणाली. “आज नाम दे दिया, तो कल से कोई सही एंट्री नहीं लिखेगा। फिर मेरा सारा हिसाब झूठा हो जाएगा।”

मेघनाजी काहीतरी बोलणार तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

“चार नंबर मैं हूँ, मॅडम,” गजाननकाका उभे राहून म्हणाले. “हाथ सुन्न हो गए हैं। फरवरी से। बताना चाहिए था।”

मेघनाजी नव्यानेच इंजिनिअर होऊन इथे आल्या, तेव्हा त्यांना पहिली कॉइल गुंडाळायला काकांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “डॉक्टर को दिखाया, शेलारजी?”

“कल जाऊंगा।”

“कल नहीं। आज। गाड़ी ले जाइए।”

काका बसले. मग पाल नावाचा वाइंडर हळूच म्हणाला, की पाळी संपताना घाई होते, म्हणून उद्याचे गठ्ठे तो आदल्या दिवशीच फोडून ठेवतो. दुसरा एकजण म्हणाला, आम्ही सगळेच ठेवतो. तिसऱ्याने सांगितलं, की पुठ्ठे ठेवायच्या कोरड्या खोलीची चावी दुपारी मिळत नाही, मग काय करणार. चौदा महिने चारुताने प्रश्न विचारले होते, पण त्या अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं एरवी कधी कळलं नव्हतं. ती भराभर लिहीत गेली.

एप्रिलपासून बदल झाले. सुरू केलेली कॉइल त्याच माणसाने संपवायची, मग पाळी पुढेमागे झाली तरी चालेल. गठ्ठा यंत्रापाशीच फोडायचा. कोरड्या खोलीला दुसरी चावी केली. प्रत्येक यंत्रावर ताण दाखवणारा एक छोटा काटा बसवला. तो कुठे बसवायचा हे काकांनी ठरवलं. काकांची बदली पुठ्ठ्याच्या खोलीत झाली. तिथून जाणारा प्रत्येक गठ्ठा ते ओठाला लावून सोडत. पहिले काही दिवस ते तोंड पाडून बसायचे. जेवायच्या सुट्टीत वाइंडिंगच्या दारापर्यंत जायचे आणि आत न जाता परत फिरायचे. मग एक दिवस पाल स्वतःच येऊन त्यांना हात धरून घेऊन गेला. एका कॉइलचा तिढा सुटत नव्हता. त्यानंतर ते रोज आत जाऊ लागले.

ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते. दरवर्षी त्याच महिन्यात सगळ्यात जास्त कॉइल बिघडत. या वर्षी चाळिसात एक बिघडली.

बोटं पूर्ववत होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. साखर आटोक्यात ठेवली तर आहे तिथेच थांबेल. महिन्याला एकदा दाखवायला जायचं असे. काकूंचे गुडघे दुखत, म्हणून कधीकधी चारुताच काकांना स्कूटरवरून नेई.

दिवाळीच्या आधी असंच दवाखान्यातून परतताना काका मागून म्हणाले, “मानिक चौकात जरा थांबशील? हिला शाल घ्यायची आहे. कधी काही घेतलं नाही मी माझ्या पसंतीने.”

दुकानदाराने गादीवर सातआठ शाली पसरल्या. काकांनी दोन बाजूला काढल्या, एक मोरपंखी आणि एक निळी. दोन्हींवरून सावकाश हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग किंचित ओशाळून चारुताकडे पाहिलं.

“बेटा, जरा हात लावून बघ. यातली मऊ कुठली?”

चारुताने दोन्ही शाली हातात घेतल्या. घाई केली नाही. घडी उलगडली, कडा चाचपल्या.

“निळी, काका. खूप मऊ आहे.”

“तुला वाटतं ना?”

“हो.”

“भैया,” काका दुकानदाराला म्हणाले, “नीली वाली बाँध दो।”