निर्मनुष्य बेट

किशोरीने किनाऱ्याचा एक कोपरा माउसने धरून खाली ओढला आणि वाळू हळूहळू पाण्यात उतरली. लाटेबरोबर वाहून आलेल्या माणसाला आता तिथून वर चढता आलं असतं. ती ज्यासाठी हे बेट बनवत होती तो मोबाइलवरचा खेळ लहान मुलांसाठी होता. जहाज फुटतं, खेळणारा एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडतो आणि मिळेल त्यातून एकेक वस्तू उभी करतो. बेट कार्टूनसारखं हवं होतं, साध्या फोनवरही चालेल असं, पडद्यावरचा प्रत्येक आकार ज्या त्रिकोणी तुकड्यांनी बनतो, तशा मोजक्याच त्रिकोणांत बसवलेलं. माडाला सहा झावळ्या, खडकाला दहाबारा पैलू, समुद्र सगळीकडे एकसारखा निळा.

मागे तिची आई, गंगाबाई, मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"तिथं गोडं पानी हाय?"

किशोरी वळली नाही. दोन वर्षांत आईने समुद्राचं काही म्हणून विचारलेलं हे पहिलंच.

"अजून नाही," ती म्हणाली. "घालते."

दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या वादळात मोरा बंदरातली एक बोट उलटली होती. पाच जणांतले दोघे पोहत दुसऱ्या बोटीला लागले, दोघांची प्रेतं मिळाली. किशोरीचा धाकटा भाऊ हितेश मिळाला नाही. नऊ दिवस शोध चालला आणि मग थांबला. गंगाबाईने मोऱ्याचं घर बंद केलं आणि ती लेकीकडे नवीन पनवेलला, तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. तिथून फक्त न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर दिसत. घरात मासळी यायची बंद झाली. प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेवढं उरकून घ्या, असं भगवानमामा दर महिन्याला फोन करून सांगत. गंगाबाई नाय म्हणे आणि फोन ठेवून देई. हे झाल्याशिवाय आई सावरणार नाही, असं किशोरीही तिला समजावायची. आई आशा सोडत नाही, याचं तिला वाईट वाटे.

त्या दिवशी तिने डोंगराच्या पायथ्याशी एक झरा काढला. गंगाबाईने चष्मा लावून तो पाहिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. किशोरीला कळलं ते एवढंच, की आईने हितेशला या बेटावर आणून ठेवलंय.

मग ती रोज काहीतरी घालत गेली. झऱ्याजवळ झावळ्यांची खोप, तिच्यापुढे तीन दगडांची चूल. सरपणाची फाटी नीट रचून ठेवली, वर पाऊस लागू नये म्हणून खडकाची कड आडोशाला बाहेर काढली. मासळी सुकत घालायला बांबूंची वलांडी उभी केली. डोंगरावर एक सपाट जागा केली, तिथून येणारी बोट लांबून दिसली असती. दुपारी गंगाबाई मागे येऊन बसे, तेव्हा किशोरी बेट सावकाश फिरवून तिला दाखवी. गंगाबाई बघत राही. बेटाकडे कमी, लेकीच्या मानेकडे जास्त.

गुरुवारी सकाळी आभाचा व्हिडिओ कॉल आला. आभा किशोरीच्या टीमची प्रमुख. रंग तिला आवडले, किनारा आवडला. मग तिने बेट दुसऱ्या अंगाने फिरवलं आणि खोपीपाशी थांबवलं.

"किशोरी, हे रिकामं हवं होतं," ती म्हणाली. "इथे कोणीतरी राहतंय."

किशोरीने काढून टाकते म्हटलं. मग कशी कोण जाणे, ऑफिसात कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. भावाचं सांगितलं आणि हे सगळं आईला बघायला बरं वाटतं, तिच्यासाठीच घातलंय, असं सांगितलं. आभाने हळू आवाजात विचारलं, मग आईसाठी वेगळी फाइल ठेवशील का, आम्हाला रिकामं बेट सोमवारी दे. किशोरी हो म्हणाली.

कॉल संपला तेव्हा गंगाबाई दारात उभी होती. तिने स्टूल ओढलं आणि लेकीशेजारी बसली.

"मी कवा सांगितलं तुला ह्ये घालायला?"

"तूच विचारलंस ना, गोडं पाणी आहे का."

"पान्याचं विचारलं. तुज्या खेळात मानूस येनार, त्याला लागंल म्हनून. बाकी मी काय नाय बोलले." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो शर्ट कोनाचा हाय?"

खोपीमागच्या दोरीवर एक पिवळा शर्ट वाळत होता. वाळूवर पिवळा उठून दिसतो, असं काहीतरी किशोरी म्हणाली. एवढीशी वस्तू चार त्रिकोणांत भागली असती. किशोरीने शर्टाला कॉलर केली होती, खिसा केला होता, खिशाची एक बाजू उसवलेली होती.

हितेशच्या शर्टाचा खिसा असाच उसवलेला होता, हे किशोरीला आत्ता दिसलं.

"मामाचा फोन आला का तू व्हय म्हनतेस," गंगाबाई म्हणाली, "आनि मोरीत जाऊन नळ सोडून बसतेस. मला काय आयकू येत नाय? म्हनून मी नाय म्हनते. माजा पोर गेला, बाय. मला ते पयल्या दिवशीच कललं."

खाली रस्त्यावरून एक कंटेनर गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. किशोरीने खोप पुसली. मग चूल, मग फाटी. वलांडी गेली, डोंगरावरची सपाट जागा पुन्हा खडबडीत झाली. शर्टाशी आल्यावर तिचा हात उठेना. गंगाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण घाई केली नाही.

बेट रिकामं झाल्यावर गंगाबाईने आपल्या फोनवर नंबर लावला आणि पलीकडे वाजत असतानाच फोन किशोरीच्या हातात दिला.

भगवानमामांनी नेहमीसारखं आधी जेवणखाण विचारलं. मग दबक्या आवाजात विचारलं, पुतळ्याचं आई काय म्हणते.

"आई हो म्हणते," किशोरी म्हणाली.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मीपण," ती म्हणाली.