एबेरची काळीज-थाळी

ताकुआरेम्बो गावातला खाटीक एलादिओ याचा मुलगा एबेर नऊ वर्षांचा असल्यापासून पांढराफटक दिसायचा. जिना चढला तरी त्याला धाप लागे. खाटकाच्याच पोराच्या अंगात रक्त नाही म्हणून गिऱ्हाइकं चेष्टा करत, आणि ते एलादिओला फार लागायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरने लोहाचं औषध दिलं. एलादिओने त्यावर रोज गाईचं काळीज, म्हणजे लोहाने भरलेलं यकृत, सुरू केलं, अर्धवट भाजून.

एबेर म्हणायचा, मळमळतं, पोट दुखतं. चौदाव्या वर्षी तो काळीज कुत्र्याला घालताना सापडला. एलादिओने त्याच्या मुस्काटात मारली. मग रोज समोर बसून, थाळी रिकामी होईपर्यंत तो त्याला उठू देईना. असं तब्बल नऊ वर्षं चाललं.

तेविसाव्या वर्षी एबेर दुकानातच कोसळला. राजधानी मोन्तेविदेओला नेऊन हाडातला मगज तपासला, तेव्हा खरा आजार कळला. त्याच्या शरीराला लोहापासून रक्त बनवताच येत नव्हतं. पोटात गेलेलं लोह यकृतात आणि हृदयात साठत राहिलं होतं. यकृत बरंचसं निकामी झालं होतं. एवढं लोह याला दिलं कोणी, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एलादिओ म्हणाला, “मी.”

रक्त बनवायला मदत करणाऱ्या एका साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीने महिन्याभरात एबेरच्या ओठांवर रंग आला. साठलेलं लोह काढायला वेगळं औषध सुरू झालं. यकृताचं मात्र काही सांगता येत नव्हतं.

घरी परतल्यावर एके दुपारी दोघं अंगणात माते हा पानांचा कडू चहा पीत बसले होते. एबेर म्हणाला, “बाबा, असं तोंड पाडून बसू नका. तुम्हाला कुठे माहीत होतं?”

“आजाराचं नव्हतं माहीत,” एलादिओ म्हणाला. “पण तुला मळमळतं, हे तू रोज सांगत होतास. ते तर माहीत होतं ना?”

चहाचा भोपळ्याचा पेला एबेरने पुन्हा भरला आणि बापाच्या हातात दिला. एलादिओने तो घेतला, पण बराच वेळ ओठाला लावला नाही.

हल्ली कोणी आई फिकुटल्या पोरासाठी काळीज मागायला आली, की एलादिओ आधी रक्त तपासून आणायला सांगतो. काही जणी वैतागून पलीकडच्या दुकानात जातात.